खुंटी एकीकडे, नारळ दुसरीकडे

औसा तालुक्यातलं एक रान. उन्हाळा तोंडावर आलेला, हरभरा निघून गेलेला, ढेकळं टणक झालेली. त्या रानात बोअरसाठी दोन जागा ठरल्या होत्या. एका जागी लोखंडी खुंटी ठोकून भोवती चुन्याचं रिंगण काढलेलं. दुसऱ्या जागी हळदीकुंकू लावलेला दगड. दोन्हींत अंतर चाळीसेक पावलांचं. खुंटीची जागा भूजलाचं शिक्षण घेतलेल्या एका पोरानं मशीन लावून काढलेली, दगडाची जागा पाणाड्यानं, म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणाऱ्यानं, तळहातावर नारळ धरून. रानाचे मालक पन्नाशीतले, गळ्यात तुळशीची माळ, खिशातल्या फोनवर रोजचा हवामान अंदाज. सकाळभर त्यांनी त्या पोराला विचारलेले प्रश्न कान देऊन ऐकावेत असे होते. "काळ्या मातीत आकडा कमी आला, तर ते पाणी हाय का नुसती चिकण, हे कसं वळखायचं?" हा प्रश्न तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला घाम फोडेल. पोरानं उत्तर नीट दिलं, त्यांनी ते नीट ऐकलं, मशीनचे पैसे रोख मोजले. दुपारी बोअरची गाडी आली ती मात्र दगडाच्या जागेवर उभी राहिली.

"मशीन खोटं न्हाई ओ," ते त्या पोराला म्हणाले, आवाजात खरोखरची दिलगिरी होती, "पण नारळ उभा राहिला की."

या वाक्यानं पिच्छा सोडला नाही. अंधश्रद्धा म्हणून ते बाजूला सारता येईना, कारण तोच माणूस ठिबकच्या लॅटरलमधलं अंतर इंचात सांगत होता, माती परीक्षणाचा कागद घडी घालून जपत होता आणि सोयाबीनला बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरत नव्हता. त्याच्या आयुष्यात विज्ञान भरपूर होतं. मग ते नेमकं कुठे थांबलं, आणि तिथेच का थांबलं?

आधी ते मशीन काय करतं ते बघू. जमिनीत एका रेषेत चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून बॅटरीचा प्रवाह सोडायचा, आतल्या दोन खुंट्यांमधला दाब मोजायचा आणि त्यावरून जमिनीचा विद्युत विरोध काढायचा. बाहेरच्या खुंट्या जसजशा लांब नेल्या तसतसा प्रवाह खोल जातो आणि खोलवरचा खडक बोलायला लागतो. खोली मात्र ताणलेल्या अंतराच्या निम्म्याहूनही बरीच कमी भरते. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये ओला, झिजलेला मुरूम वीस-तीस-चाळीस ओम-मीटरच्या आसपास दिसतो, घट्ट काळा पाषाण शेकड्यांत जातो. चुका होतात त्या ठरलेल्या जागी. वरची माती सुकलेली असली की खुंटीचा जमिनीशी संपर्क तुटतो, म्हणून खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात. जवळून विजेची तार गेली असेल तर आकडे नाचतात. काळी माती स्वतःच दहाच्या खाली जाते, तिच्यात पाणी असो वा नसो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दोनशे फुटांवरची बोटभर फट या मशीनला दिसत नाही. मराठवाड्यातलं खोल पाणी मात्र बहुतेक वेळा अशाच फटीत असतं. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले; वरचा मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे बारीक भोकांचा खडक, मग काळा पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा, पुन्हा मांजऱ्या. मुरमात आणि मांजऱ्यात थोडंफार पाणी मुरतं. काळ्या पाषाणात भेग सापडली तर पाणी, नाही तर पिठासारखी करडी धूळ.

म्हणून त्या पोरानं प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, साठ-सत्तर टक्के शक्यता आहे. दीडशे फुटांच्या खाली मी शब्द देणार नाही." पाणाड्या म्हणाला होता, "एकशे ऐंशी फुटावर झरा हाय, दोन इंच पाणी."

आता पाणाड्याकडेही तितक्याच जवळून बघायला हवं. नारळ शेंडीवाला, पाणी भरलेला. तो तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, हात कोपरात किंचित वाकवलेला, आणि रानातून सावकाश चालायचं. आडवा नारळ तळहातावर मुळातच डळमळता असतो. आत पाणी हलतं. चालताना मनगट थकतं, तळव्याची वाटी होते, अंगठ्याच्या मुळाशी सूतभर उंचवटा आला की नारळ उभा राहायला लागतो. एकदा उठायला लागला की तो झर्रकन उठतो, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पाणाड्याच्याही येतो. तो फसवत नसतो. आपण स्नायू हलवला हे त्याला कळतच नाही, इतकी ती हालचाल बारीक असते. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८५२ मध्ये या प्रकाराला नाव दिलं आणि मनातली अपेक्षा माणसाच्या नकळत स्नायूंत उतरते असं सांगितलं. कडुलिंबाची दुबेळकी फांदी असो, तांब्याच्या वाकवलेल्या तारा असोत, दोऱ्याला बांधलेली किल्ली असो, सगळीकडे हेच. वस्तू अशी निवडलेली असते की ती पडण्याच्या बेतात उभी असावी.

म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात १९८०च्या दशकाच्या शेवटी याची मोठी परीक्षा झाली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर बसवून मागे-पुढे सरकवला जाई, वरच्या मजल्यावर पाणाड्यानं त्याची जागा ओळखायची. शेकडो लोकांतून निवडलेले ४३ पाणाडे, ८४३ प्रयत्न. प्रयोग करणाऱ्यांना त्यातले काही जण विलक्षण वाटले. नंतर जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं, की जे एका फेरीत बरोबर आले तेच दुसऱ्या फेरीत चुकले. आंधळेपणानं बोट ठेवलं असतं तरी निकाल साधारण तेवढाच लागला असता.

पण म्युनिक औशाहून फार लांब आहे. इथला माणूस आपल्या शिवारात मोजतो, आणि शिवारातलं मोजमाप वेगळं दिसतं. समजा एका शिवारात दहा बोअर मारले तर सहांना थोडंफार पाणी लागतंच, खडकच तसा आहे. मग डोळे बांधून दगड फेकणाऱ्यालाही दहात सहा गुण मिळतील. शिवाय जुना पाणाडी नुसता नारळ घेऊन फिरत नाही. हराळी उन्हाळ्यात कुठे हिरवी राहते, उंबर कुठे आपोआप उगवलाय, वारूळ कुठे आहे, शेजारच्या विहिरीचा पाझर कोणत्या अंगानं येतो, हे तो चाळीस वर्षं बघत आलेला असतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांवरून आणि वारुळांवरून भूजल ओळखण्यावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. म्हणजे ही नजर जुनी आहे. ती नजर त्याच्या पायांना वळवते, पायांबरोबर हात वळतो आणि श्रेय नारळाला जातं. कोरड्या गेलेल्या बोअरचं काय? "पाणी होतं, पण वरच्या अंगाला त्यांनी पाचशे फूट मारला, त्यानं ओढून घेतलं." हे उत्तर अशक्य नाही, म्हणूनच ते टिकतं. लागलेला बोअर वीस वर्षं डोळ्यांसमोर पाणी ओततो. कोरडा गेलेला दगडानं झाकून टाकतात, आणि झाकलेली भोकं कोणी मोजत नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या शेतकऱ्यानं विज्ञान नाकारलं कुठे? गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, तिच्या कॉम्प्रेसरवर त्याचा विश्वास. हवेच्या दाबानं खाली हातोडा आपटतो, बिट खडक फोडतं, तीच हवा भुगा वर आणते. हे तो पोरांना समजावून सांगत होता. वीस फुटी रॉड मोजून खोली लावत होता. मुरूम संपेपर्यंत केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवायचा पाइप, गेलीच पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात बोअर ढासळतो आणि मोटार अडकते, यावर तो हटून बसला होता. खोदण्याच्या विज्ञानावर त्याची पूर्ण श्रद्धा होती. जागेच्या विज्ञानावर नव्हती. फरक एवढाच, की हातोडा दर मिनिटाला उत्तर देतो आणि मशीन टक्केवारी देतं. साठ टक्के म्हणजे शंभर बोअर मारणाऱ्या खात्याला कामाचा आकडा. याला आयुष्यात एक किंवा दोन मारायचेत, पैसे फुटावर द्यायचेत, पाणी लागो अथवा न लागो. साठ टक्क्यांचं काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. पाणाड्यानं त्याच्या खांद्यावरचं ओझं उचललं. कोरडा गेला तर आता चूक त्याची एकट्याची राहणार नव्हती.

धर्माचा यात भाग आहे, पण आपण समजतो त्या जागी नाही. तुळशीच्या माळेत कुठेही लिहिलेलं नाही की पाणी नारळानं शोधावं.

मायकेल फॅरेडे हा माणूस या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. विजेची मोटार आणि जनित्र ज्याच्या शोधांवर उभं आहे तोच. सॅंडेमेनियन नावाच्या एका लहानशा, कडक ख्रिस्ती पंथाचा तो आयुष्यभर निष्ठावान सभासद होता. १८५३ मध्ये इंग्लंडात टेबल फिरवण्याचं वेड पसरलं. चार-सहा जणांनी टेबलावर हात ठेवून बसायचं, थोड्या वेळानं टेबल फिरू लागायचं. कोणी म्हणे भुतं, कोणी म्हणे वीज. फॅरेडेनं बसणाऱ्यांना लबाड म्हटलं नाही. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्यानं पुठ्ठ्याचे थर ठेवले, थरांमध्ये मऊ, चिकट गोळ्या. टेबल आधी सरकलं असतं तर खालचे पुठ्ठे पुढे गेले असते. गेले वरचे. म्हणजे हात आधी ढकलत होते. मग त्यानं एक हलकी दांडी बसवली, हात जरा जरी आडवा सरकला तर ती कलायची. ती दांडी बसणाऱ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि टेबल फिरायचं थांबलं. आपलाच हात सरकतोय हे दिसल्यावर तो सरकेना. रविवारी प्रार्थनेला बसणाऱ्या माणसानं हे केलं आणि त्याच्या देवाला त्यात काही दुखलं नाही.

विंचवाच्या बाबतीत मराठी माणसानं असंच एक मोठं काम केलं. जालना जिल्ह्यातून आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं. लाल विंचू चावला की माणूस घामानं निथळतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. या औषधानं गार पडलेले हातपाय काही तासांत ऊब धरतात. विंचू उतरवणारे गावोगाव होते, पण लाल विंचवाच्या बाबतीत लोक दवाखान्याकडे वळले, कारण उत्तर डोळ्यांदेखत मिळत होतं. काळ्या विंचवाची गोष्ट उलटी. तो चावला तर रात्रभर तळमळ होते, जीव सहसा जात नाही आणि सकाळी वेदना आपोआप उतरते. उतरवणाऱ्याचा मान ज्या विंचवावर टिकून राहिला तो हा.

सापाचंही तेच, फक्त किंमत जास्त. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार जीव घेणारे. बाकीचे बहुतेक बिनविषारी, आणि विषारी सापही कितीदा तरी नुसता दात लावतो, विष सोडत नाही. म्हणून मारुतीच्या पारावर रात्रभर बसवलेला माणूस पुष्कळदा सकाळी चालत घरी जातो. कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे, अशी परीक्षा. दवाखान्यातली परीक्षा याहून साधी आहे आणि तिला वीज लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं समजायचं आणि प्रतिविष लावायचं, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या. नळी प्लॅस्टिकची असेल तर परीक्षा फसते, रक्त गोठायला काचच लागते; साबणानं धुतलेली असेल तरी फसते. मण्यार मात्र या नळीत दिसत नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात इतके बारीक की खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास. पारावर घालवलेली रात्र मण्यारीच्या माणसाला परत मिळत नाही. हे सांगताना पाराचा अपमान करण्याची काहीच गरज नसते. "आधी दवाखाना, मग मारुतीला नारळ" असं म्हणणारा पुजारी ज्या गावात आहे, तिथे माणसं वाचतात. श्रद्धेला तिची जागा मिळाली की ती वाट अडवत नाही.

भाषेनं हे पूर्वीच एकदा करून दाखवलंय. ज्या रोगाला आपण देवी म्हणायचो, त्याच्या लशीलाही मराठीनं 'देवी काढणं' म्हटलं. आजीच्या दंडावरचा गोल व्रण म्हणजे देवी काढल्याची खूण. रोग देवीचा, उपायही देवीच्या नावाचा. सुरुवातीला विरोध झाला, भीती होती, पण देवीची पूजा सोडा असा अर्ज लशीसोबत जोडलेला नव्हता. १९७५ नंतर भारतात त्या रोगाचा रुग्ण सापडला नाही आणि देवळातली देवी आपल्या जागी आहे. गोवर-कांजिण्या आल्या की अजूनही उंबऱ्याला कडुलिंबाचा टहाळा लागतो, आणि त्याच घरातलं तान्हं नऊ महिन्यांचं झालं की गोवराची लस घेऊन येतं.

पंचांगाची गंमत त्याहून खोल आहे. ग्रहणाच्या पानावर स्पर्श, मध्य, मोक्ष यांच्या वेळा मिनिटांपर्यंत दिलेल्या असतात. त्या खगोलगणितातून येतात, आणि त्यांच्यावर गावातल्या सगळ्यांचा, अगदी सगळ्यांचा विश्वास असतो. ठरल्या मिनिटाला सावली लागते, म्हणून. मग त्याच पानावर दोन ओळी खाली वेध आणि गर्भवतींसाठीचे नियम. वरच्या ओळीचा खरेपणा झिरपत खालच्या ओळीत उतरतो. ओठ फाटलेलं मूल जन्मलं तर आईला पहिला प्रश्न हाच, गहणात काही चिरलं होतं का. ते मूल काही महिन्यांत शस्त्रक्रियेनं बरं होतं, आईच्या मनातला चिरा तसाच राहतो. नवव्या महिन्यात सुरी हातात न धरता पाटावर बसून राहिलेल्या बाया बघितल्या की वाटतं, खगोलगणित करणाऱ्यांनी या दोन ओळींमधली जागा भरायला हवी होती. त्यांनी ती मोकळी सोडली.

आणि मोकळी जागा सगळ्यांत मोठी कुठे होती? याच औसा तालुक्यात, किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपलेली. भूकंपात आठ ते दहा हजार माणसं गेली. भिंती का पडल्या हे अभियंत्यांनी बोट ठेवून सांगितलं: दोन-अडीच फूट जाड दगड-मातीच्या भिंती, आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, वर वर्षानुवर्षं माती चढवून जड झालेलं माळवद. धक्का बसताच भिंतीचे दोन थर फुगून सुटले. लोकांनी हे मानलं. नव्या घरांत काँक्रीटचे पट्टे घालून घेतले, कोणाला समजावत बसावं लागलं नाही. पण जिवंत राहिलेल्यांचा दुसरा प्रश्न होता, आमच्याच वाट्याला का, आणि त्याच रात्री का? भूकंपशास्त्राकडे त्याचं उत्तर नाही, असायचं कारणही नाही. त्या प्रश्नासाठी माणसं पुन्हा देवळात गेली. त्यांना कोणी चूक म्हणावं असं वाटत नाही. भिंतीचं शास्त्र आणि शोकाची प्रार्थना एकाच आवारात राहिली, त्यात भांडण नव्हतं. भांडण होतं ते 'पाप वाढलं म्हणून झालं' असं कोणी म्हणतं तेव्हा, कारण मग मेलेल्यांवर आरोप होतो, आणि भिंतीची चूक झाकली जाते.

उत्क्रांतीचं प्रकरण याहून निराळं. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, पूर्वजांनी तसं लिहून ठेवलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात बदल हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचं खंडन केलं. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. 'कोणी पाहिलं नाही' हे ज्या महिन्यात बोललं गेलं, त्या महिन्यात शहराच्या चारही दिशांना कपाशी उपटली जात होती. २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यात धुमाकूळ घातला होता. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. अळीनं फुलं-बोंडं खाल्ली की त्यातलं प्रथिन तिच्या आतड्याला चिकटून तिला मारायचं. पण लाखो अळ्यांमध्ये एखादीच्या आतड्याची ठेवण किंचित वेगळी, तिला ते प्रथिन चिकटेना. ती जगली. तिचा पतंग झाला, तिची अंडी झाली. हे होणार हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं, म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी दिली जायची. ती कडेनं लावायची, म्हणजे तिच्यावर साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळतील आणि चिवटपणा पातळ होत राहील. ती पुडी बहुतेकांनी बांधावर फेकून दिली. तिच्यावर अळी पडते, मग कशाला लावायची? वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, मार्च-एप्रिलपर्यंत रानात उभी, अळीला बारा महिने घर. मग मादीच्या वासानं नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत पतंगांचा खच, न उमलता मिटून राहिलेल्या फुलांच्या डोमकळ्या, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळा, चिकटून कवडी झालेला कापूस.

नैसर्गिक निवड ती हीच. शेतकऱ्यांनी ती पाहिली, त्यांच्या हातावर कापसाच्या कवडीचे डाग होते. फक्त ती गोष्ट त्या नावानं त्यांना कोणी सांगितली नाही. दुकानदारानं 'औषध बदला' म्हटलं, शाळेत 'माकडापासून माणूस' एवढंच शिकवलं गेलं, आणि दोन्हींमध्ये पुलाचा एक खांबही उभा केला नाही. पुडी का लावायची हे कळायला उत्क्रांती कळायला हवी होती. ती न कळण्याची किंमत एकरी क्विंटलांत मोजली गेली.

बरं, 'आम्ही माकडाचे कसे' हा राग तरी इथला आहे का? पैठण औरंगाबादपासून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून, पन्नासेक किलोमीटर. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथांची कथा इथल्या पोराला चौथीच्या आधी ठाऊक असते. ज्या परंपरेत गाढवाच्या तोंडात रामेश्वर दिसतो, तिला माकडाशी नातं सांगितल्यानं कमीपणा यायला नको होता. दशावतारात मासा, कासव, वराह देव म्हणून पूजले जातात. हा राग दुसरीकडून आला आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९२५ साली उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला, तिथल्या बायबलवाद्यांच्या भांडणातल्या युक्तिवादांचा वास त्याला येतो. आपण तो उचलला, कारण तो उचलायला आपल्याला काही पडत नव्हतं. कॉम्प्रेसर नाकारला तर बोअर होत नाही, प्रतिविष नाकारलं तर माणूस जातो, पंचांगाचं गणित नाकारलं तर मुहूर्त चुकतो. डार्विन नाकारला तर निदान त्या दिवशी तरी कोणाचं काही बिघडत नाही. बिघडलं ते बोंडात, आतल्या बाजूनं, आणि त्याचा संबंध कोणी जोडला नाही.

तर त्या रानात. गाडीनं पहिला रॉड लावला तेव्हा चार फूट काळी माती उडाली, मग पिवळसर मुरूम. बत्तीस फुटांवर केसिंग थांबवली. मग करडी धूळ, रॉडमागून रॉड, माणसं तोंडाला रुमाल बांधून उभी. एकशे चाळीसला गेरू लागला, सगळ्यांचे कपडे तांबडे झाले. एकशे ऐंशीला पाणाड्या पुढे सरकला, धूळच होती. दोनशे दहाला धुळीचा चिखल झाला, आणि दोनशे सव्वीसला हवेबरोबर पाणी उसळलं. थोडंच. गाडीच्या मिस्त्रीनं पत्र्याच्या तिकोनी खाचेतून वाहू देऊन पाण्याची उंची मोजली: एक इंच. कोणीतरी म्हणालं, चला, दोनाचं निम्मं तरी लागलं. त्यावर ते पोरगं पहिल्यांदा मध्ये बोललं. खाचेत एक इंच म्हणजे तासाला पाचशे लिटरच्या आसपास. दोन इंच म्हणजे दुप्पट होत नाही, ते पावणेतीन-तीन हजारांवर जातं. म्हणजे निम्मं नाही, पाचव्या हिश्शाहूनही कमी. मालक बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या खुंटीवर मारला असता तर?"

"माहीत नाही, काका," पोरगं म्हणालं. "तिथं मारल्याशिवाय कोणालाच कळणार नाही."

पाणाडी झाडाखाली बसून होता. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो खोटा नव्हता. त्याला कोणी काही बोललं नाही. पोरानं सॅकमधून एक लांब वही काढली. गावातल्या जुन्या बोअरांची नोंद तो त्यात करत होता: गट नंबर, कोणत्या साली, किती फूट, कोणत्या थराला काय, पाणी लागलं किती, आज आहे किती. कोरडे गेलेलेसुद्धा, दगड उचलून मोजलेले. एकोणतीस ओळी झाल्या होत्या. त्यानं तिसावी ओळ लिहायला घेतली, आणि मालक त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत राहिले. त्यांचं बोट कोरड्या बोअरांच्या ओळींवरून एकेक करत खाली येत होतं. दोन-तीन ठिकाणी ते थांबले, कारण ती रानं भावकीतली होती आणि ते बोअर कोरडे गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"ह्याच्यात," ते म्हणाले, "जागा कुणी दावली त्येचा एक रकाना टाका की. मशीन का नारळ."

पोरानं पट्टी लावली आणि उजव्या कडेला पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली. झाडाखालून पाणाडी उठून आला, वहीत डोकावला आणि म्हणाला, "सात नंबरचा माझा हाय. चौदा बी. आन् बावीसचा बी माझाच, तो कोरडा गेल्ता. लिवा."